बिनखिळ्याची मांडणी : फळ्यांना खाचा कशा पाडायच्या

मंगळवार पेठेत आम्ही भाड्यानं राहायचो त्या घराचा जिना इतका अरुंद, की वरून कुणी उतरत असेल तर खालच्यानं थांबायचं. कपाट वर न्यायचं म्हणजे गॅलरीतून दोर सोडून ओढायचं आणि खाली गल्लीतल्या चार जणांनी सल्ले द्यायचे. त्या घरात मी पाच सुट्ट्या फळ्या बगलेत मारून वर नेल्या, एकमेकींत अडकवल्या आणि पुस्तकांची मांडणी उभी केली. एकही खिळा नाही. घर बदललं तेव्हा तशीच सोडवून खाली आणली. तेव्हापासून ओळखीतल्या कुणालाही मांडणी करायची झाली की मी हीच सुचवतो. आणि जवळजवळ प्रत्येकाची पहिली खाच चुकते, माझीही चुकली होती, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

रचना सोपी आहे. काचेच्या बाटल्यांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे असतात ना, उभी पट्टी अर्ध्यापर्यंत चिरलेली, आडवी पट्टी अर्ध्यापर्यंत चिरलेली, आणि दोन्ही एकमेकींत बसवलेल्या? तेच लाकडात करायचं. फरक एवढाच, की पुठ्ठ्याला जाडी जवळपास नसते आणि फळीला असते. सगळी अडचण त्या जाडीतच आहे.

आधी पुठ्ठ्यावर

लाकूड आणण्याआधी घरातली एखादी जाड लग्नपत्रिका घ्या आणि छोटी मांडणी कापून बघा. पोरखेळ वाटेल, पण दहा मिनिटांत एक गोष्ट हाताला कळते, ती वाचून कळत नाही: एका फळीतल्या सगळ्या खाचा एकाच कडेनं पाडायच्या. उभ्या फळ्यांच्या खाचा पुढच्या कडेनं आणि आडव्यांच्या मागच्या कडेनं, म्हणजे आडवी फळी पुढून आत सरकते. एकाच फळीत एक खाच पुढून आणि दुसरी मागून पडली, तर ती फळी कुठल्याच बाजूनं आत जात नाही. मग तिचा पाट करायचा, दुसरं काही होत नाही.

मापं मी माझ्या मांडणीची देतो, तुम्ही आपापली धरा. दोन उभ्या फळ्या आणि तीन आडव्या, प्रत्येक ९०० मिमी लांब आणि २४० मिमी रुंद, जाडी १८ मिमी. सहा ठिकाणी फळ्या एकमेकींना छेदतात, म्हणजे बारा खाचा. आडव्या फळीत दोन्ही टोकांपासून १४० मिमी सोडून खाच. दोन उभ्यांच्या मध्ये ५८४ मिमी मोकळी जागा राहते. १८ मिमीच्या प्लायवर पुस्तकं ठेवायची असतील तर हे अंतर ६०० च्या वर नेऊ नका. फळीला पोट येतं, आणि एकदा आलेलं पोट जात नाही. उभ्या फळीत खालून ९०, ४२० आणि ७५० मिमीवर खाचा सुरू होतात. दोन फळ्यांमध्ये ३१२ मिमी उंची मिळते. ए-फोर कागद २९७ मिमीचा, त्यामुळे फायली आणि स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं उभी मावतात. चादरी ठेवायच्या असतील तर आधी घडी मोजा. सोलापुरी चादरीची घडी २४० मिमीत बसणार नाही. फळीची रुंदी वाढवावी लागेल आणि खाचेची खोलीही तिच्याबरोबर वाढेल.

टोकाचे १४० मिमी उगाच सोडलेले नाहीत. खाच टोकाच्या फार जवळ घेतली तर बाहेर उरलेला तुकडा रेषांच्या दिशेनं सुटतो, कडक भाकरीसारखा कटदिशी. अखंड लाकडात १०० मिमीच्या आत येऊच नका. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्यानं थोडी सवलत मिळते.

लाकूड कोणतं

नवख्यानं १८ मिमी प्लायवूड घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात ‘एकोणीस एमएम’ किंवा ‘पाऊण इंची’ म्हणून मागाल, मिळेल ते मोजून बघा, बरेचदा थोडं कमीच भरतं. कोरड्या खोलीसाठी आयएस ३०३ चा, म्हणजे साध्या प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पुरतो. स्वयंपाकघरात पाण्याजवळ ठेवणार असाल तर आयएस ७१० चं मरीन प्लाय घ्या. ब्लॉकबोर्ड नको, त्याच्या पोटात पट्ट्या असतात आणि खाच नेमकी दोन पट्ट्यांमधल्या फटीवर येते. पार्टिकल बोर्ड खाचेच्या कोपऱ्यात भुगा होऊन गळतो. एमडीएफ कापायला लोण्यासारखा, पण वजनानं वाकतो आणि फरशी पुसताना पाणी लागलं की फुगतो.

आठ बाय चारचं शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. लांबीच्या दिशेनं २४० मिमीच्या पट्ट्या पाडल्या तर करवतीनं खाल्लेलं धरूनही पाच निघतात. त्या दुकानातच मशीनवर कापून घ्या, हातानं आठ फुटांची सरळ चीर घेणं नवख्याचं काम नाही. पट्टी लांबीच्याच दिशेनं पाडायला सांगा, म्हणजे वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीत येतात आणि फळी कमी वाकते. तीन पट्ट्यांतून ९०० मिमीचे सहा तुकडे होतात. आपल्याला लागतात पाच. सहावा सरावाला. तो टाकून देऊ नका, सगळ्यात कामाचा तोच आहे.

वाडा पाडला की जुनं सागवान निघतं, ते स्वस्तात मिळालं तर मोह होतोच. जरूर घ्या, पण पहिल्या मांडणीला नको. एक तर आत मोडलेले खिळे असतात, करवतीचे दात जातात. दुसरं कारण हवेचं आहे, त्यावर थोडं थांबून बोलायला हवं.

अखंड लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीत जवळपास काहीच होत नाही, रुंदीत आणि जाडीत होतं. आता खाच बघा. खाचेची रुंदी फळीच्या लांबीच्या दिशेनं असते, म्हणून ती बारा महिने तेवढीच राहते. तिच्यात बसणाऱ्या दुसऱ्या फळीची जाडी मात्र कमी-जास्त होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो, हवा खडखडीत कोरडी. सप्टेंबरात पाऊस लागला की तीच हवा ओली. मी एकदा आंब्याच्या फळ्यांची मांडणी भर सप्टेंबरात केली होती, खाचा अगदी घट्ट, स्वतःवर खूश होतो. मे महिन्यात कुणी खोलीत चाललं तरी ती खडखड वाजायची. फरक किती, तर वहीच्या दोन-तीन पानांच्या जाडीएवढा. खाचेला तेवढा पुष्कळ होतो. उलटंही होतं: मेमध्ये ठोकून घट्ट बसवलेली फळी पावसाळ्यात निघत नाही. अखंड लाकूड वापरायचंच असेल तर सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास, जानेवारीत कापा, आणि फळ्या आधी पंधरा दिवस त्याच खोलीत भिंतीला न टेकवता पडू द्या.

हत्यारं

पेन्सिल, धारदार कटर, गुण्या (काटकोन आखायचा), साधी हातकरवत, १२ मिमीची पटाशी (ठोकून लाकूड कापायची), मोगरी (लाकडी हातोडा), सपाट कानस, काचपेपर, ड्रिल आणि १२ मिमीचं बिट, दोन सी-क्लॅम्प. बस.

करवतीबद्दल एक इशारा. नेटक्या कामाला टेनन करवत घे, असं कुणीतरी सांगतंच. ती बारीक दातांची, पाठीला लोखंडी पट्टी असलेली. चांगली असते, पण आपली खाच १२० मिमी खोल आहे आणि ती पाठीची पट्टी त्याआधीच लाकडाला अडते. मी विकत आणून मग शिकलो. पाठ मोकळी असलेली, जमेल तेवढ्या बारीक दातांची करवत घ्या. जिगसॉ असेल तर उत्तम. तिचे दात वर ओढतात म्हणून वरच्या पृष्ठभागाच्या ढलप्या उडतात, तेव्हा फळीची चांगली बाजू खाली ठेवा. आणि मशीन आवळून पुढं रेटू नका. पातं खालून वाकडं जातं आणि वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

आखणी: टेप बाजूला ठेवा

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. खाचेची जागा टेपनं ठरवा, पण खाचेची रुंदी टेपनं कधीच मोजू नका. ती फळीवरूनच घ्या.

माझी पहिली मांडणी याच चुकीनं गेली. दुकानदारानं अठरा सांगितलं, मी अठरा आखलं, अठरा कापलं. प्लाय सतराच्या जवळपास होतं. बारापैकी बारा खाचा ढिल्या, मांडणी धक्का लागला की एका बाजूला कलंडायची. ओळखीचे एक मिस्त्री बघायला आले. त्यांनी काही न बोलता फळीचा उरलेला तुकडा रेषेवर उभा धरला, दुसऱ्या बाजूनं पेन्सिल फिरवली आणि माझ्याकडे बघितलं.

तर असं करा. दोन्ही उभ्या फळ्या एकावर एक ठेवून कडा जुळवा, क्लॅम्प लावा आणि खाचांच्या जागा दोन्हींवर एकदमच आखा. आडव्या तिन्ही फळ्यांचंही तसंच. आखणी एकत्र, कापणी मात्र एकेकाची. एकत्र कापलं की एकाची चूक सगळ्यांत उतरते. प्रत्येक फळीवर नाव घाला: उ१, उ२, आ१, आ२, आ३. पुढची कड कोणती तेही लिहा. कंटाळा करू नका, पाच फळ्या जमिनीवर पसरल्या की सगळ्या जुळ्या बहिणी दिसतात.

आता खाचेची पहिली रेषा गुण्यानं ओढा. त्या रेषेला चिकटवून, त्या खाचेत जी फळी बसणार आहे तीच फळी किंवा तिचाच तुकडा उभा धरा, आणि दुसऱ्या बाजूनं कटरचं टोक फिरवा. पेन्सिलीची रेष जाड असते आणि शिसं झिजेल तशी आणखी जाड होते, कटरची केसासारखी राहते. शिवाय कटरनं वरचा पापुद्रा चिरला जातो, म्हणून करवत फिरवताना कडा फुटत नाहीत. फळी उलटवून मागच्या बाजूलाही हेच करा.

खोली निम्मी, म्हणजे १२० मिमी. फळीची खरी रुंदी मोजून तिचं निम्मं करा, कारण दुकानातलं २४० कधी २३८ निघतं. एखादा मिलिमीटर खोल गेलं तर चालतं, उथळ राहिलं तर फळ्यांच्या कडा एका पातळीत येत नाहीत आणि ते लांबूनही दिसतं.

मग काढून टाकायच्या भागावर मोठी फुली मारा. ही फुली नसेल तर एक दिवस रेषेच्या भलत्या बाजूला करवत लागेल, हे मी अनुभवानं सांगतो.

सनमायका लावणार असाल तर तो आधी लावा, खाचा नंतर. एक मिमीचा सनमायका दोन्ही बाजूंना म्हणजे जाडी दोन मिमीनं वाढते, आणि नंतर लावलात तर कुठलीच फळी कुठल्याच खाचेत जाणार नाही. ऑइलपेंटचे तीन हातसुद्धा हाच त्रास देतात, थोड्या प्रमाणात.

कापणी

सहाव्या तुकड्यावर आधी एक खाच पूर्ण करा. ती बिघडली तर तिच्या शेजारी दुसरी. तिसरी बहुधा जमते. सकाळी बसा. आमच्याकडे उन्हाळ्यात अकरानंतर पत्र्याखाली बसून हातकरवत चालवणं म्हणजे प्रायश्चित्त आहे, आणि घाम पुसण्याच्या नादात रेष सुटते.

फळी टेबलावर आडवी ठेवून क्लॅम्पनं आवळा, खाचेचा भाग टेबलाच्या बाहेर. डोळ्यांवर चष्मा, तोंडाला रुमाल. प्लायच्या भुशात डिंकाचा अंश असतो, घसा धरतो.

सर्वांत आधी ड्रिल. खाचेच्या तळाच्या रेषेला आतून टेकेल असं १२ मिमीचं भोक, बरोबर मधोमध, फुली मारलेल्या भागात. खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा दाबून धरा, नाहीतर बिट बाहेर पडताना मागचा थर उचकटतो.

मग दोन चिरा. करवत नेहमी रेषेच्या आत, फुलीच्या बाजूला. रेष कापायची नाही, रेषेला चाटून जायचं. करवत जेवढं लाकूड खाते तेवढं टाकाऊ भागातून खाल्लं गेलं पाहिजे. पहिले दोन-चार हात मागं ओढून खूण पाडा, मग ढकला. गुण्या शेजारी उभा ठेवा, करवत कलली की लगेच दिसतं. चीर तिरकी गेली तर वरून बरोबर दिसते आणि खालून दोन मिलिमीटरनं चुकलेली असते, त्यामुळे दर थोड्या वेळानं वाकून खालची रेष बघा. करवत तिरपी धरलेली असल्यामुळे वरच्या पृष्ठभागावरची चीर नेहमी खालच्यापेक्षा पुढं असते. म्हणून शेवटच्या बोटभर अंतरात करवत उभी करत न्या आणि तळाच्या रेषेला हात थांबवा.

दोन्ही चिरा झाल्या की मधला तुकडा कोपऱ्यांत जेमतेम अडकलेला असतो. तिथं पटाशी. ढाळ असलेली बाजू फुलीकडे, सपाट बाजू रेषेवर. मोगरीचे हलके ठोके, निम्म्या जाडीपर्यंत एका बाजूनं, मग फळी उलटवून दुसऱ्या बाजूनं. एकाच बाजूनं आरपार मारलं तर पलीकडचा थर ढलपी होऊन निघतो. तळ मधोमध किंचित खोलगट झाला तरी हरकत नाही, कडा मात्र रेषेवर हव्यात. पटाशीच्या पुढं हात ठेवायचा नाही, क्षणभरसुद्धा. धार गेलेली पटाशी जास्त लागते, कारण तिला जोर द्यावा लागतो आणि ती सटकते.

बसवून बघणे

फळी खाचेत हाताच्या दाबानं सरकली पाहिजे, शेवटी तळव्याचे दोन-चार फटके. मोगरी घ्यावी लागत असेल तर घट्ट आहे. जबरदस्ती केलीत तर खाचेच्या कोपऱ्यातून चीर धावते आणि ती थांबवायला काही उपाय नाही.

कुठं अडतंय हे कळायला साधी युक्ती: आत जाणाऱ्या फळीवर पेन्सिलीचं शिसं घासा, फळी सरकवा, बाहेर काढा. खाचेच्या भिंतीवर जिथं काळं चमकतं तिथंच लाकूड जास्त आहे. तिथं कानशीचे दोन हात, पुन्हा बसवा, पुन्हा बघा. काचपेपर इथं नको, त्यानं कडा गोल होतात आणि जोड ढिला दिसतो. लाकूड काढणं सोपं आहे, परत घालणं नाही, त्यामुळे हात आखडता ठेवा.

खाच ढिली झालीच तर फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरू नका. वाळल्यावर तो खडा होतो आणि फळी दोनदा आत-बाहेर झाली की निघून येतो. विनीअरची पातळ पट्टी किंवा रंध्याची लांब ढलपी खाचेच्या एका भिंतीला चिकटवा, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवा, सकाळी जास्तीचं कानशीनं काढा. शोधूनही सापडत नाही.

पॉलिश आणि उभारणी

पॉलिश किंवा वॉर्निश जोडण्याआधीच मारा, खाचांच्या आत कागदी टेप चिकटवून. उभ्या फळ्यांच्या खालच्या कडांना मात्र दोन हात जास्त द्या. फरशीवरचं पाणी तिथूनच वर चढतं आणि वाळवीही तिथूनच.

उभारताना मांडणी आडवी पाडून जोडा. उभ्या दोन्ही फळ्या मागच्या कडेवर टेकवा, खाचा आकाशाकडे. कुणालातरी त्या धरायला सांगा. आडवी फळी खाचा खाली करून वरून सोडा आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं दाबा. एक बाजू पूर्ण बसवून मग दुसरी करायला गेलात तर ती तिरकी अडकते. तिन्ही बसल्या की दोघांनी मिळून उभी करा.

सोडवता यायला हवी असेल तर डिंक नको. कायमची करायची असेल तर फेविकॉल चालतो, पण उन्हाळ्यात आपल्याकडे त्यावर बघता बघता साय धरते. सगळ्या खाचांना एकदम लावून ठेवू नका, एका फळीपुरता लावा, बसवा, मग पुढची.

या जोडाची एक कमजोरी कुणी सांगत नाही. वरून येणारं वजन तो मजेत पेलतो, पण डावी-उजवीकडे ढकललं तर त्याला धरायला फळीची जाडी तेवढी असते, अठरा मिलिमीटर. खाचा कितीही नेमक्या असल्या तरी भरलेली मांडणी बाजूला झुकू शकते. म्हणून मागच्या कडेला, दोन्ही उभ्या फळ्यांवर १०० मिमी रुंदीची एक आडवी पट्टी स्क्रूनं आवळा. चार स्क्रू, हलणं बंद. बिनखिळ्याची म्हटली तरी स्क्रूचा कमीपणा मानू नका. घरात लहान मूल असेल तर वरच्या फळीपासून भिंतीला एल-पट्टीही लावा, कारण मुलं फळ्यांकडे जिना म्हणूनच बघतात. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, माती भुसभुशीत निघते. तिथं दगड सापडेपर्यंत जागा बदलून बघा, सांध्यात मारू नका.

आणि उ१, आ२ ही नावं घासून पुसू नका. खाचांच्या आत, टेपखालच्या कोऱ्या लाकडावर ती पुन्हा एकदा ठळक लिहून ठेवा. प्रत्येक खाच तिच्याच फळीच्या मापानं कापलेली आहे. घर बदलताना टेम्पोवाला फळ्या कशाही क्रमानं उतरवतो.